कोरियात उत्खननात सापडलेल्या प्राचीन चिनी भांड्यांचं वय कसं ठरवतात? कार्बन डेटिंग करतात का?

भांड्याचं कार्बन डेटिंग होत नाही. भट्टीत भाजलेल्या मातीत आणि झिलईत त्यासाठी लागणारं सेंद्रिय द्रव्य उरतच नाही. शेजारी कोळसा किंवा धान्य सापडलं तर त्याचं वय काढतात. थर्मोल्युमिनेसन्सनं, म्हणजे माती पुन्हा तापवल्यावर तिच्यातून निघणारा मंद प्रकाश मोजून, भांडं शेवटचं कधी भाजलं ते कळतं, पण दीड हजार वर्षं जुन्या भांड्यात शंभरेक वर्षांचा फरक सहज पडतो. म्हणून सगळा भर आजही घाटावर, म्हणजे भांड्याच्या आकारावर आणि घडणीवर असतो.

घाटावरून साल कसं कळतं? चीनमध्ये साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या कित्येक थडग्यांच्या विटांवर वर्ष ठशानं उमटवलेलं असतं, काहींत मृत्युलेख असतो. अशा साल माहीत असलेल्या थडग्यांतली भांडी ओळीनं मांडली की बदल दिसू लागतो. कोंबड्याच्या डोक्याच्या झारीचंच बघा. सुरुवातीच्या झाऱ्या बसक्या, पोटाला फुगीर, आणि डोकं खांद्याला नुसतं चिकटवलेलं. पुढे कोंबड्याला मान फुटते, झारी उंच होत जाते, मूठ तोंडाच्या वर चढते. कोरियात चनानजवळच्या योंगवन-री आणि गोंगजूच्या सुचोन-री इथल्या थडग्यांत अशा काळ्या झिलईच्या झाऱ्या निघाल्या. त्यांची तुलना चेच्यांग प्रांतातल्या तचिंग भट्ट्यांच्या मालाशी करतात. त्यावरून त्या घडवल्या कधी याचा चांगला अंदाज येतो.

पण पुरल्या कधी? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. चीनच्या पूर्व जिन राजवटीच्या दरबाराकडून कोरियातल्या प्राचीन बेकजे राज्यात आलेली झारी म्हणजे मानाची वस्तू. ती ज्या सरदाराला मिळाली त्याच्याबरोबरच पुरली, की मुलानं, नातवानं जपून ठेवली? आपल्याकडे आजीच्या पितळी डब्यावरून घर कधी बांधलं ते सांगता येईल का? चिनी भांड्याचं साल आणि शेजारच्या स्थानिक मडक्यांचं साल जुळत नाही, तेव्हा काही कोरियन अभ्यासक म्हणतात की भांडं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं होतं. इतर म्हणतात, मडक्यांचाच कालक्रम चुकला असेल. मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण स्थानिक मडक्यांची सालं बऱ्याच अंशी चिनी भांड्यांच्याच आधारानं ठरवलेली आहेत. ‘जपलेलं होतं’ हे उत्तर प्रत्येक अडचणीत वापरलं की ते उत्तर राहत नाही.

सोलच्या पुंगनाप मातीच्या कोटात, म्हणजे बेकजेच्या तेव्हाच्या राजधानीत, नाण्याची नक्षी ठसवलेले झिलईदार रांजण सापडले. आधी ते पश्चिम जिन या पूर्व जिनच्या आधीच्या चिनी राजवटीच्या काळातले, म्हणजे इ.स. ३१६ च्या आधीचे मानले जात आणि त्यावरून बेकजे राज्याचा उदयही मागे नेला जाई. नंतर लक्षात आलं की अशी नक्षी पुढेही बराच काळ चालू होती. तिथे निदान एक बाजू पक्की आहे. ही राजधानी ४७५ मध्ये उत्तरेच्या गोगुर्यो राज्यानं जिंकली, तेव्हा बेकजेकाळातल्या थरांतला माल त्याआधीचा.

समुद्रात बुडालेल्या जहाजात ही अडचण बरीच कमी होते, कारण माल नुकताच भरलेला असतो. कोरियातल्या शिनानजवळ १९७५ मध्ये एका मच्छीमाराच्या जाळ्यात भांडी आली आणि पुढे वीस हजारांहून जास्त चिनी भांडी वर काढली. मालाच्या लाकडी पट्ट्यांवर १३२३ चं साल होतं. एवढ्या मालात निळी-पांढरी चिनी मातीची भांडी नव्हती. त्यामुळे ती परदेशी जाऊ लागली ती यानंतर, या मताला मोठा आधार मिळाला.

आणि ज्यानं मला या विषयाची ओढ लावली ते म्हणजे गोंगजूमधलं बेकजेच्या राजा मुर्योंगचं थडगं. १९७१ मध्ये शेजारच्या थडग्यांसाठी पाण्याचा चर खणताना ते सापडलं. आत दगडी लेख होता: राजा ५२३ मध्ये वारला, ५२५ मध्ये पुरला, राणी ५२६ मध्ये वारली, ५२९ मध्ये पुरली. लेखावर चीनच्या लियांग राजवटीच्या लोखंडी नाण्यांची माळ, राजानं देवांकडून जमीन विकत घेतल्याची किंमत म्हणून ठेवलेली. ती नाणी चीनमध्ये ५२३ मध्येच पाडायला सुरुवात झाली होती. इथली सहा कानांची हिरवट बरणी आणि काळ्या झिलईची बाटली ५२९ नंतरची असूच शकत नाहीत, आणि तशी दुसरीकडे सापडली की तिला इथलं माप लावतात. वाईट एवढंच वाटतं की हे थडगं घाईनं एका रात्रीत रिकामं केलं गेलं. कोणती वस्तू नेमकी कुठे, कशी होती याची बरीच नोंद त्यात कायमची गेली.

भिंतींतल्या पाच कोनाड्यांत चिनी मातीचे छोटे कटोरे दिवे म्हणून ठेवलेले होते. ते मी गोंगजूच्या संग्रहालयात पाहिले आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. भट्टीतून ते कोणत्या वर्षी निघाले ते त्यांच्यावर लिहिलेलं नाही. शेवटचे केव्हा तेवले ते मात्र कळतं: ५२९ मध्ये राणीला आत ठेवून दार विटांनी बंद केलं, त्यानंतर ते कुणी पेटवले नाहीत.