मिठाच्या पाण्याचा रीफ टँक दुसऱ्या घरी कसा हलवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातच मंगळवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून आर. के. नगरला जायचंय, दोन वर्षं जमवलेला तीन फुटी रीफ टँक आहे, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळं पाळायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. जुनं पाणी सगळं न्यायचं का, मासे तगतील का, की विकून मोकळं व्हावं?

विकू नका. मी हा उद्योग केलाय, शाहूपुरीच्या तळमजल्यावरून कळंब्याला दुसऱ्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ असे दोन पूर बघितल्यावर तळमजल्यावर जीव रमेना. क्लाउन माशांची जोडी, क्लीनर श्रिंप ही कोळंबी, मश्रूम आणि झोआ ही मऊ प्रवाळं, सगळे सुखरूप आले. एक गोबी मासा गेला, आणि तो निव्वळ माझ्या आळसापायी. ते पुढं सांगतो.

जुन्या पाण्यात जीव अडकवू नका. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते दगडाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर बसलेले असतात. दगड ओला राहिला की टँक जिवंत राहिला. निम्मं पाणी न्या, तेही माशांना एकदम बदलाचा झटका बसू नये एवढ्यासाठी. उरलेलं निम्मं नवीन, आणि ते आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी कालवून नव्या घरी पिंपात फिरतं ठेवलेलं हवं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट पडतं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ आलं आणि तापमान जुन्या टँकएवढं असलं की झालं. स्वयंपाकघरातलं मीठ नको, ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं.

घरचा पिण्याचा आरओ चालेल का, हे तुम्ही विचारणारच. नाही चालत. त्यात बहुधा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तीस-पन्नासवर ठेवलेला असतो. आपल्याला शून्य लागतो, म्हणजे आरओच्या पुढं उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी हवी. थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी कितीही गोड लागू दे, ते थेट टँकमध्ये नको, त्यात क्लोरीन असतं. आणि रत्नागिरीहून कॅन भरून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, त्यात खाडीचं गोडं पाणी मिसळलेलं. घाट उतरून-चढून एवढं डिझेल जाळायचं, त्यापेक्षा मिठाची बादली स्वस्त.

आता उचलाउचल. तीन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक काठोकाठ भरला तर १९० लिटरच्या आसपास. काच, दगड, वाळू धरून अडीच क्विंटल होतात. आमच्या गल्लीतली तालमीची पोरं म्हणाली, "दादा, पाण्यासकट उचलतो की, त्यात काय एवढं!" उचललाही असता त्यांनी. पण थोडं पाणी आत असलं तरी ते हिंदकळतं, तळकाच पिळवटते आणि सिलिकॉनचा जोड कुठंतरी सुटतो. तो लगेच गळत नाही, आठवड्यानं रात्री दोनला गळतो. टँक कोरडा करूनच हलवा.

क्रम असा ठेवा. माशांना आदल्या दिवशी खायला घालू नका, प्रवासात घाण कमी होते. आधी स्वच्छ पाणी वरून काढून कॅनमध्ये भरा. मग प्रवाळं, मग दगड, आणि मासे सगळ्यात शेवटी. दगड आत असताना जाळं घेऊन माशामागं धावलात तर तासभर नुसता खेळ होतो आणि मासा दमून अर्धमेला होतो. दगड निघाले, पाणी वीतभर उरलं की दोन मिनिटांत हाती लागतो. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका यासाठी उत्तम, फक्त साबण न लावता गरम पाण्यानं चारदा धुवा आणि वास जाईपर्यंत उन्हात ठेवा. खोक्यात एक बॅटरीवरचा एअर पंप सोडा. हा पंप एरवीही घरात असू दे. लाईट गेल्यावर मासे आधी मरतात ते ऑक्सिजन संपून.

दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि यात हयगय नको. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते जखमेतून किंवा डोळ्यातून गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. दगडावरची नको असलेली झोआ काढायला उकळतं पाणी तर कधीच ओतू नका, त्या वाफेनं घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात.

आता माझा गोबी. रात्रीचे साडेनऊ झाले होते, खाली छोटा हत्तीवाला हॉर्न वाजवत होता. तळाची वाळू सुपल्यानं उचलायला घेतली. वर दोन बोटं पांढरी, तिच्याखाली काळा थर, आणि एकदम नासक्या अंड्याचा भपकारा. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. दोन वर्षांची घाण त्या थरात दबून बसलेली असते आणि ढवळली की सगळी पाण्यात येते. ही वाळू खाऱ्या पाण्यात पाणी निवळ येईपर्यंत धुवायला हवी होती, किंवा सरळ फेकून नवी घालायला हवी होती. मी म्हटलं, जाऊ दे, उद्या बघू. बादलीत भरली आणि नव्या घरी तशीच ओतली. सकाळी अमोनियाच्या टेस्टची नळी पिवळी राहायला हवी होती, ती पोपटी झाली. क्लाउन वर येऊन धापा टाकत होते आणि गोबी वाळूवर आडवा. चौथाई पाणी तेव्हाच बदललं, दुपारी पुन्हा बदललं, म्हणून बाकीचे वाचले. तुमचीही वाळू दोन वर्षांची आहे, एवढं ध्यानात ठेवा.

नव्या घरी स्टँड बसवताना गवंड्याकडची पाणसळ मागून घ्या आणि टँक भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नको. पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा, खाणं निम्म्यावर आणा, दिवे चार-पाच तासच लावा. स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, वेड्यासारखा फेस काढेल, वाळूवर तपकिरी थर येईल. त्याला घाबरून औषधं ओतू नका, आपोआप जातं.

सामान लावायच्या गडबडीत हमखास चुकतं ते रोजचं पाणी घालणं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून कमी झालेलं भरायचं ते गोडंच, डीआयचं. मी पुण्याला गेलो असताना आबांनी मनापासून काळजी घेतली: "खारा टँक हाय म्हटल्यावर खारंच घातलं की!" पाच दिवसांत १.०३० वर काटा. ते खाली आणायलाही आठवडा लावावा लागला, कारण एकदम उतरवलं तर प्रवाळं आक्रसतात. तेव्हापासून कॅनवर खडूनं 'गोडं' आणि 'खारं' लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण मग उडणारं पाणीही दुप्पट होतं.

घर बदललं की टँक सजवायची हौस येते. दगडासारखी कठीण प्रवाळं कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. रीफ बांधणारी सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दगडही मी मानवनिर्मितच वापरतो. जाता जाता, कॅल्शियमसाठी परदेशी मंडळी ज्या महागड्या पावडरीचे गोडवे गातात ती म्हणजे आपली चुन्याची निवळीच. पण त्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं, पानपट्टीवरचा चुना नाही. मश्रूम-झोआंना तीही क्वचितच लागते.

दिवस कोणता धरायचा? जुलै-ऑगस्ट टाळा. पंचगंगेला पाणी फार चढलं तर उपसा केंद्रं बुडू शकतात, नळ कोरडे पडले की डीआयचं पाणी करायला थेंब मिळत नाही. अनंत चतुर्दशीच्या आसपास तर टेम्पो मंगळवार पेठेतून बाहेरच पडायचा नाही. दिवाळीनंतरचा एखादा रविवार घ्या आणि सकाळी सहाला सुरुवात करा, म्हणजे वाळूची पाळी येईल तेव्हा अंगात त्राण असेल. पोरं लागली तर कळवा, आमची तालमीची गँग अजून आहे.