कोड नाही, तरी चेक इंजिन लाईट विझेना

प्रश्न : नमस्कार सर, मी खानापूर तालुक्यातला, कामाला रोज बेळगावला ये-जा करतो. गाडी पेट्रोल, 2011 ची. या पावसाळ्यात चेक इंजिन लाईट आधी मधूनमधून पेटायची, आता चावी फिरवली की पेटते ती बंदच होत नाही. पिकअप, ॲव्हरेज सगळं पहिल्यासारखंच आहे. दोन ठिकाणी स्कॅन केलं, एकही कोड (बिघाडाचा नंबर) नाही. एक गॅरेजवाला म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, बदला. खर्च ऐकून झोप उडालीय. बदलावाच लागेल काय?

उत्तर : नका बदलू, निदान आत्ता तरी नको. आधी वायर तपासा.

तुमच्या वेळच्या बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की मीटरमधल्या या लाईटला फ्यूजमधून 12 व्होल्ट मिळतात आणि तिची दुसरी वायर ईसीएमकडं जाते, ईसीएमनं ती आतून अर्थला, म्हणजे बॉडीला, जोडली की लाईट पेटते. आता हीच वायर वाटेत कुठं सोलून बॉडीला टेकली तर ईसीएमला न विचारताच लाईट पेटणार की नाही? म्हणून पुन्हा स्कॅनर लावाल तेव्हा कोड बघून थांबू नका, लाइव्ह डेटामध्ये एमआयएल, म्हणजे हीच लाईट पेटवायचा ईसीएमचा हुकूम, ऑन दाखवतंय की ऑफ ते बघायला सांगा. तिथं ऑफ आणि मीटरवर पेटलेली, म्हणजे दोष लाईटच्या सर्किटात.

मग चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवा, निगेटिव्ह परत लावून चावी ऑन करा. तरी लाईट पेटली तर वायर शॉर्ट, विझली तर संशय ईसीएमवर. पण आधी तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघाच, कारण नव्या गाड्यांत मीटर आणि ईसीएम कॅन लाईनवर (डिजिटल संदेशांच्या वायरवर) बोलतात आणि ईसीएम काढला की काही मीटर आपणहून ही लाईट पेटवतात, तिथं ही टेस्ट फसवते.

पक्की खात्री मल्टीमीटरनं. परत निगेटिव्ह काढायची, वायरची दोन्ही टोकं मोकळी करायची, एक प्रोब वायरला, एक बॉडीला. बीप आला नाही पाहिजे. आणि नाही आला तरी लगेच सोडू नका, लूम (वायरींचा जुडगा) हातानं हलवत हलवत पुढं जा, कारण तुमची लाईट आधी मधूनमधून पेटायची. माझ्याकडं निपाणीकडची एक गाडी आली होती, बॅटरी ट्रेच्या ब्रॅकेटला लूम घासून जेमतेम पाव इंच प्लास्टिक गेलेलं, तांबं चकचकीत दिसत होतं, बोटानं लूम दाबली की लाईट पेटायची, सोडली की विझायची. खानापूरच्या पावसात उंदीरही ऊब शोधत बॉनेटखाली शिरतात, म्हणून कुरतडलेलं दिसतंय का बघा. फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) रबर आणि कपलरमधली हिरवट पिनही बघा. वायर सापडली की नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर घट्ट बसणारी नळी) चढवा आणि लूम पत्र्यापासून लांब बांधा.

बल्ब काढून देतो म्हणणारेही भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. चोर्ला घाटात खरंच मिसफायर झाला (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळलं नाही) तर हीच लाईट लुकलुकून सांगते, आणि तेव्हा गाडी तशीच दामटली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला भाग) जळतो. काम झाल्यावर चावी ऑन करून बघा, लाईट पेटली पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझली पाहिजे. दोन्ही झालं तरच पैसे द्या.