डबे भरताना ध्यान कुठून आणू?

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. ऑफिसात ‘माइंडफुलनेस’चा, म्हणजे जे करतो त्यावर पुरतं लक्ष ठेवण्याचा, दोन दिवसांचा वर्ग झाला. पहिल्याच दिवशी एकेक बेदाणा हातावर दिला आणि बघत, हुंगत, चघळत दहा मिनिटं खायला लावला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आता रोज वीस मिनिटं शांत बसा म्हणतात. पाचला उठते, भाकऱ्या, चार डबे, पोरांच्या आंघोळी, मग सातची बस. सासरे माळकरी आहेत. ते म्हणतात, “बेदाणे कसले चघळतीस, नाम घे.” हे दोन्ही एकच का? आणि वेळ कुठून काढू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, अथणी-विजापूरकडं पोत्यांनी भरतो तो बेदाणा, आणि तुमच्याकडं आला अमेरिकेला वळसा घालून! जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्यांसाठी असा वर्ग सुरू केला. बेदाणा तिथला. मुळातली शिकवण बौद्ध परंपरेतली, पण देवधर्म न मानणाऱ्यालाही करता यावी म्हणून त्यांनी ती साध्या वेषात आणली. नामाला तसं करता येत नाही, कारण नाम म्हणजे कुणाला तरी मारलेली हाक. तुमच्या वर्गातल्या ध्यानात श्वास नुसता बघायचा असतो. हाक मारली की ओ येण्याची वाट बघणं आलं. फरक आहे तो इथं. पळालेलं मन न चिडता माघारी आणायचं, ही मेहनत मात्र दोन्हीकडं सारखीच. तेव्हा सासऱ्यांशी वाद नको. त्यांनाही एक बेदाणा द्या.

वीस मिनिटांचं म्हणाल तर आधी माझंच उणं सांगतो. शाळेत मास्तर होतो तेव्हा मी रोज पहाटे देवघराचं दार लोटून अर्धा तास बसायचो. आत मी शांत. बाहेर पाण्याचा बंब, दोन मुलींच्या वेण्या, डबे, सगळं एकट्या बायकोच्या अंगावर. मुली आवाज करू लागल्या की ती दबक्या आवाजात म्हणायची, “गप्प बसा गे, बाबा ध्यान करूलालेत.” त्या ‘ध्याना’चा मला अभिमान वाटायचा! एके दिवशी ती आत आली, माझ्यासमोर विळी आणि नारळाची कवड ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. पाच मिनिटं मी डोळे मिटूनच बसलो. मग उघडले आणि खोवायला लागलो. अर्ध्या तासात जे जमत नव्हतं ते तिथं जमलं, कारण लक्ष हललं की बोट गेलं. करवंटीचा काळा कीस पडायच्या आत हात थांबवावा लागतो, हेही मला चाळिशीत कळलं.

जनाबाईचं दळण-कांडण सगळे कीर्तनकार सांगतात, पण ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’ म्हणताना त्यातला दुसरा भाग कुणी घरी नेत नाही. झाडते जनी, पण केर भरायला देव येतो. तुमच्या घरात केर कोण भरतं? चारांतले दोन डबे नवऱ्यानं भरले, तर वीस मिनिटं कुठून काढायची हा प्रश्न बराचसा सुटेल. सगळा भार शांतपणे सोसायला शिकवतं, त्याला मी ध्यान म्हणत नाही.

तोवर पहिली भाकरी तेवढी लक्ष देऊन करा. गोळा तळव्याखाली कोमट लागतो की गार, थापताना कडेला चीर कुठं जाते, वरून पाणी फिरवल्यावर वास कसा बदलतो. दुसऱ्या भाकरीपासून डोक्यात बस आली तरी येऊ दे. आणि बसमध्ये मच्छ्यापासून पिरनवाडीपर्यंत मोबाईल पिशवीत ठेवून सासरे सांगतात ते नाम घ्या. जागा मिळाली आणि डुलकी लागली तर खुशाल झोपा. तुम्हाला तीही हवी आहे.

प्रश्न : डोळे मिटून बसलं की छाती धडधडते, जुना अपघात दिसू लागतो. नेटानं बसत राहू का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : नका बसू. डोळे उघडे ठेवून अंगणात फेऱ्या मारा, पायाखाली लक्ष ठेवा, आणि या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. “बसत राहा, आपोआप जाईल,” असं ध्यानाच्या वर्गात कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

प्रश्न : वय 23, वडिलांच्या दुकानात बसतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अद्वैतावरची प्रवचनं मोबाईलवर ऐकतो. ‘मी देह नाही, साक्षी आहे’ हे पटतं. पण गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की साक्षी जातो आणि शिवी येते. कुठं चुकतंय?
— निपाणी

उत्तर : अरे, दोनला झोपून नऊला गल्ल्यावर बसणाऱ्याचा साक्षी जांभया देणारच! श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, त्यावर विचार करणं, मग ते आत मुरवणं, अशी जुनी पायरी आहे. तुझं श्रवणाचंच अजीर्ण झालंय.

आपल्याच मुलखातली माणसं बघ. बाळेकुंद्रीचे पंत महाराज (1855–1905) संसारी होते, बेळगावात मास्तरकी करत होते. जमखंडीचे गुरुदेव रानडे (1886–1957) यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं ते पंधराव्या वर्षी. पुढं तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ग्रंथ लिहिले, पण नेम सोडला नाही. ग्रंथ लिहिणाऱ्यालाही रोज बसावं लागलं. ऐकणाऱ्याला सूट कशी मिळेल?

महिनाभर प्रवचनं बंद. अकराला झोप. दुकानात एवढंच बघ की राग आधी कुठं येतो. कानशिलं तापतात? बोटं गल्ल्यावर वाजू लागतात? शिवी तोंडात येण्याआधी अंग काहीतरी सांगत असतंच. वर्गात डस्टर आपटण्याआधी माझ्या नाकाचा शेंडा गरम व्हायचा. हे कळायला मला अठरा वर्षं लागली. कळल्यानंतरही आपटायचोच, पण जरा हळू.