२०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स उमेदवार असते, तर ट्रम्प हरले असते का?

हरलेही असते, पण बर्नीसमर्थक सांगतात तितकं ते सोपं नव्हतं.

त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. देशभरात हिलरींना ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली, तरी तिथे अध्यक्ष राज्याराज्यांच्या निकालांवर ठरतो, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी खेळ बिघडला. यातल्या मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या निवडणुका) बर्नींनी जिंकल्या होत्या. उमेदवारी मिळाल्यावर हिलरी विस्कॉन्सिनमध्ये एकदाही प्रचाराला फिरकल्या नाहीत, हे तर अजब! कारखाने बंद पडलेल्या गावांत परदेशी व्यापार करारांवरचा राग होता आणि त्यावर बर्नी वर्षानुवर्षं बोलत होते.

पण त्याच विस्कॉन्सिनमध्ये, त्याच दिवशी सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे रस फाइनगोल्ड उभे होते. तेही डाव्या वळणाचे आणि व्यापार करारांचे जुने विरोधक. ते हरले, आणि हिलरींपेक्षा जास्त फरकाने. हे उदाहरण बर्नीसमर्थक सोयीस्करपणे गाळतात.

शिवाय प्रायमरीत हिलरींना बर्नींपेक्षा ३५ लाखांहून जास्त मतं होती. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना भरभरून साथ दिली. तेव्हा ‘सुपरडेलिगेट्सनी (उमेदवार निवडताना स्वतःच्या मर्जीने मत देणाऱ्या पक्षनेत्यांनी) उमेदवारी पळवली’ हा बर्नीसमर्थकांचा आरोप काही खरा नाही. सर्व्हेत बर्नी ट्रम्पच्या पुढे होते म्हणाल, तर रिपब्लिकनांनी त्यांच्यावर तोफा डागल्याच कुठे होत्या? ‘समाजवादी’ हा शिक्का फ्लोरिडात, कम्युनिस्ट राजवटीला कंटाळून आलेल्या क्युबन लोकांच्या वस्त्यांत किती महागात पडला असता!

माझं मत विचाराल तर मिशिगन नक्की आलं असतं. पेनसिल्व्हेनियावर मी पैज लावणार नाही.