मामा खोटं कुठे वागतो, ग्रुपवर की घरी?

शोनू बाळा,

परतीच्या विमानात तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी "नंतर सांगते" म्हणून टाळलं, त्याला तीन आठवडे होऊन गेले. मामा फॅमिली ग्रुपवर लिहितो की देव वगैरे काही नसतं, वारीत चालण्यापेक्षा तेवढे दिवस शाळेच्या भिंती रंगवा, बापूकाका त्यावर चिडून "तुमच्यासारख्यांनीच धर्म बुडवला" असं लिहितात, आणि तोच मामा एकादशीला आजीकडे बापूकाकांच्या ताटात भगर वाढत होता, वर "काका, दाण्याची आमटी घ्या की अजून" म्हणून आग्रह करत होता. मग मामा खोटं कुठे वागतो, ग्रुपवर की घरी? आणि आपण मराठी माणसं अशीच असतो का, असंही तू विचारलंस.

मामा कुठेच खोटं वागत नाही. पण हे समजायला तुला आधी माझ्या आजोबांच्या, आण्णांच्या ओट्यावर यावं लागेल.

आण्णा माळकरी. दरवर्षी लोणंदला जाऊन माउलींच्या पालखीत सामील व्हायचे आणि तिथून पुढे फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूर. त्यांचे जिवलग दोस्त म्हणजे मास्तर. मास्तरांचं घराणं सत्यशोधक, म्हणजे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली जो समाज काढला त्या विचाराचं, त्यांच्या घरातली लग्नं भटजीशिवाय लागायची, आणि मास्तर तर देवच मानायचे नाहीत. सातारा जिल्ह्यात अशी घरं बरीच होती, फुल्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच जिल्ह्यातलं. तर हे दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे आणि देवावरून वाद घालायचे, रोज म्हणजे अक्षरशः रोज.

मी सात-आठ वर्षांची असेन, खांबाला टेकून ऐकत बसायचे. मला त्यातलं सगळ्यात लख्ख आठवतं ते आण्णांचा अडकित्ता. मास्तरांनी एकदा विचारलं, "अठ्ठावीस युगं हा कमरेवर हात ठेवून उभा, गावात दुष्काळ पडला तरी हात काढले नाहीत, ते का?" आण्णांनी चंची सोडली, एक सुपारी काढली आणि कातरायला लागले. कट, कट, कट. बारीक बारीक खांडं तळहातावर पडत होती आणि मास्तर गप्प बसून होते, कारण समोरचा सुपारी कातरतोय म्हणजे विचार करतोय हे त्यांना माहीत होतं. पूर्ण सुपारी कातरून झाली, अर्धी मास्तरांच्या हातावर ठेवली आणि मग आण्णा म्हणाले, "मास्तर, ह्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई. पर चालाय लागलं की माझ्या डोक्यातलं भांडान थांबतं, एवढंच मला ठावं हाय." मास्तरांनी यावर काही म्हटलं नाही, सुपारी तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी परत वाद होताच.

आणि आण्णा वारीला निघाले की त्यांची पडशी खांद्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत सोडायला मास्तरच जायचे. परत आल्यावर आण्णा सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावायचे, मास्तरांना कधीच नाही, त्यांच्या हातात फक्त चुरमुऱ्यांचा प्रसाद द्यायचे आणि मास्तर तो खायचे. कुणी कुणाला बदललं नाही, पण कोणाच्या कपाळापर्यंत हात न्यायचा आणि कुठे थांबायचं हे दोघांना कळत होतं.

आता ग्रुपवर काय होतं बघ. मामा रात्री ऑफिसातून थकून येतो, बापूकाकांनी टाकलेलं एखादं चमत्काराचं फॉरवर्ड बघतो, त्याचं डोकं फिरतं आणि तो दोन ओळी लिहून फोन चार्जिंगला लावून झोपतो. त्या दोन ओळी बापूकाका पहाटे पाच वाजता उठून वाचतात, रिकाम्या घरात, एकटे. काकू गेल्यानंतर ते वारीला जायला लागले हे तुला माहीत नसेल, त्याआधी ते देवळाची पायरीसुद्धा फारशी चढत नसत. मामाला हे माहीत आहे, पण टाइप करताना समोर फक्त फॉरवर्ड असतं, काका नसतात. घरी मात्र काका दिसतात, त्यांचा सैल झालेला सदरा दिसतो, ताटात काय संपलं ते दिसतं. त्याचं मत तेच आहे ग, त्यानं तिथेही वारीला चांगलं म्हटलं नाही, फक्त ते मत घेऊन काकांसमोर बसल्यावर आधी आमटी वाढावीशी वाटली. मी मामाला फोनवर हेच सांगितलं की फॉरवर्ड खोटं असेल तर खोटं आहे म्हण, जरूर म्हण, पण वारीवर बोलायचं तर काकांच्या घरी जा आणि बोल.

पण थांब, मी तुला एवढंच सांगितलं तर ते अर्धं होईल, कारण समोरासमोर सगळं चांगलंच होतं असं नाही. त्याच ओट्यावर गावातली सगळी माणसं बसू शकत नव्हती. खालच्या आळीतला माणूस कामाला आला तर अंगणात उभा राहून बोलायचा, ओट्यावर पाय ठेवायचा नाही, आणि आण्णांना, जे वारीत कुणालाही "माउली" म्हणून वाकून नमस्कार करायचे, त्यांना यात काही चुकतंय असं कितीतरी वर्षं वाटलं नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर पायरीशी आहे, तू पाहिलीस ना, देवळाच्या बाहेर. दलितांसाठी ते देऊळ उघडावं म्हणून साने गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव बोलत फिरले आणि मग १ मे १९४७ पासून उपोषणाला बसले, ते १० मेपर्यंत, तेव्हा कुठे दार उघडायचं ठरलं. मास्तरांनी हा विषय ओट्यावर काढला तेव्हा आण्णा पहिल्यांदा उठून आत निघून गेले होते असं आजी सांगते. समोर बसून गोड बोलण्यात कितीतरी प्रश्न विचारायचेच राहून जातात, आणि ज्याचं दुखतं तो तर बहुतेक वेळा ओट्याखालीच असतो.

आपल्या घरातलंच सांगते. ताईआजीचे मिस्टर गेल्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात बसून तिळगुळाच्या वाट्या भरायची, बाहेर यायची नाही. कुणी तिला "येऊ नको" म्हटलं नव्हतं, कुणी "ये" पण म्हटलं नव्हतं, आणि आम्ही सगळ्या जणी नटून बाहेर बसायचो, मीसुद्धा. मग २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मावशीनं ती बातमी रात्री अकरा वाजता आपल्या ग्रुपवर टाकली आणि खाली एवढंच लिहिलं, "आपली ताईआजी कुठे बसते?" दोन दिवस कुणीही, एकानंही, उत्तर दिलं नाही. मावशीला हे घरात बसून बोलता आलं नसतं, तिनं मला सांगितलं की चार वर्षं प्रयत्न करत होती आणि दर वेळी आजीचं तोंड बघून गप्प बसत होती. म्हणजे मामाला ज्या ठिकाणी काकांचं तोंड दिसायला हवं होतं, तिथे मावशीला आजीचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच लिहिता आलं. मला यावर अजून नीट विचार करायचाय.

पुढच्या संक्रांतीला आजी कुयरी घेऊन स्वतः ताईआजीकडे गेली. मेसेज नाही, फोन नाही, रिक्षा करून गेली. ताईआजी नको नको म्हणत रडली आणि त्या वर्षी काही आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आजी परत गेली, तेव्हा आली, कोपऱ्यात बसली, आणि आजीनं सगळ्यात आधी तिला कुंकू लावलं. बापूकाकांना हे फारसं पटलेलं नाही, पण तिळगूळ वाटायला तेच उभे होते.

आता तुझं. तुझ्या वर्गाच्या ग्रुपमध्ये त्या मुलानं आपल्या गणपतीच्या फोटोखाली "हत्तीचं डोकं का" असं हसण्याच्या इमोजीसकट लिहिलं आणि तू त्याला एवढं मोठं उत्तर टाइप करून पाठवायच्या आधी मला दाखवलंस. मला बरं वाटलं. ते पाठवू नकोस. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बस आणि विचार की तुला खरंच माहिती हवी होती का. हवी असेल तर गोष्ट सांग, शाडूची मूर्ती आपण कशी करतो ते सांग, आणि तुला स्वतःला ती गोष्ट खरी वाटते की नाही हे अजून ठरलेलं नाही, ते पण सांग, त्यात लाजायचं काही नाही, माझंही सगळं ठरलेलं नाही. तो परत हसला तर उठून ये, आणि मला सांग.

आणि रविवारी दुपारी बापूकाका आजीकडे जेवायला असतात. कॅमेरा चालू ठेवून फोन कर आणि वारीत ते का जातात हे त्यांनाच विचार, माझ्याकडून ऐकू नकोस. मराठी शब्द अडला तर अडू दे, ते थांबतात.

तुझी,
आई