'परमेश्वरप्रेरित', 'अपौरुषेय', 'अचूक': एकाच माळेतले मणी नव्हेत

भायखळ्याच्या एका वाचकाने विचारले आहे: ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासपत्रिकेत बायबलला एका परिच्छेदात 'परमेश्वरप्रेरित', पुढच्यात 'अपौरुषेय' आणि शेवटी 'अचूक व विश्वसनीय' म्हटले आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत. प्रत्येक शब्दाचा दावा वेगळा आहे, आणि त्यातला 'अपौरुषेय' तर ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरुद्ध जातो.

'परमेश्वरप्रेरित' आला तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातून (3:16). मूळ ग्रीक शब्द 'थिओप्न्यूस्टॉस'. 'थिऑस' म्हणजे देव. 'प्नेओ' म्हणजे फुंकणे, श्वास सोडणे, वाऱ्याने वाहणे. नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि तो विशेषण आहे लेखाचे, लेखकाचे नव्हे. मराठी 'प्रेरित' मध्ये प्र + ईर् आहे: पुढे ढकलणे, गती देणे. 'समीर' हा वाऱ्याचा शब्दही याच 'ईर्' धातूचा. म्हणजे मराठी शब्दात श्वास हरवला तरी वाऱ्याशी नाते उरले. मला हा शब्द फार नेमका वाटतो.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (1:21) हीच गोष्ट माणसांच्या बाजूने सांगितली आहे: पवित्र आत्म्याने 'वाहून नेलेली' माणसे देवाकडून बोलली. तिथले ग्रीक क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत (27:15, 17) वादळात सापडलेल्या जहाजासाठी वापरले आहे. मात्र ही तुलना ताणू नये. त्या वादळात खलाशांनी जहाज वाऱ्यावर सोडून दिले होते. बायबलच्या लेखकांनी लेखणी सोडून दिलेली दिसत नाही.

'अपौरुषेय' बसत नाही तो इथेच. अपौरुषेय म्हणजे कोणीही न रचलेले. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते वेदांना कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. ख्रिस्ती भूमिका याच्या उलट आहे: कर्ते दोन, देव आणि माणूस, आणि माणसाचा वाटा खरा. शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच (1:1-4) सांगतो की आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून क्रमवार लिहीत आहोत. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो की क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा मी केला नाही. मग त्याला स्तेफनाचे घराणे आठवते, आणि आणखी कोणाचा केला का ते ठाऊक नाही, असेही तो लिहून टाकतो (पहिले पत्र, 1:14-16). शब्द न् शब्द वरून सांगितलेला असता तर ही आठवणीची चाचपड कागदावर आली नसती. बायबलमध्ये शब्द सांगून लिहून घेतल्याचे प्रसंगही आहेत: यिर्मया सांगतो आणि बारूख गुंडाळीवर लिहितो (यिर्मया 36). पण ती एक पद्धत झाली, सगळ्या ग्रंथाचा नियम नव्हे.

'प्रेरणादायी' हा शब्दही टाळावा. प्रेरणादायी म्हणजे वाचणाऱ्याला प्रेरणा देणारे. ते कुठलेही चांगले चरित्र असू शकते. 'प्रेरित' मध्ये दावा उगमाचा आहे. छपाईत नेहमी होणारी चूक म्हणजे 'प्रेषित ग्रंथ'. प्रेषित हा प्र + इष्, पाठवणे, यातून आला. मराठी बायबलात तो मुख्यतः येशूने पाठवलेल्या शिष्यांसाठी वापरतात, आणि देवाच्या नावाने बोलणारा तो संदेष्टा.

आता 'अचूक'. इथे ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत, म्हणून पत्रिकेने कोणाची भूमिका मांडतो ते सांगायला हवे. 1978 च्या शिकागो जाहीरनाम्यात अनेक इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) अभ्यासकांनी संपूर्ण अचूकतेचा पुरस्कार केला, पण काटेकोरपणे ती मूळ हस्तलेखांना लागू केली. नकला आणि भाषांतरे मुळाशी जुळतील तेवढ्यापुरतीच देवाचे वचन. कॅथलिक चर्चच्या 1965 च्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजाचे शब्द वेगळे आहेत: देवाला आपल्या तारणासाठी जे सत्य नोंदवून हवे होते, ते हे ग्रंथ निश्चितपणे, विश्वासूपणे आणि चुकीविना शिकवतात. श्रद्धा आणि आचरण यांबाबत बायबल फसवत नाही, तपशिलांचा आग्रह नको, असे मानणारे प्रोटेस्टंटही आहेत. त्यांच्या भूमिकेला 'अस्खलनीय' हा शब्द बरा.

फरक उदाहरणाने कळतो. यहोयाखीन राजा झाला तेव्हा 2 राजे 24:8 नुसार 18 वर्षांचा होता, 2 इतिहास 36:9 च्या प्रचलित हिब्रू पाठानुसार (मजकुरानुसार) 8 वर्षांचा. 'अचूक' म्हणणारा सहसा सांगतो की नक्कल करताना आकडा निसटला; काही ग्रीक हस्तलिखितांत तिथेही 18 आहे. 'अस्खलनीय' म्हणणाऱ्याला या आकड्याने अडचणच होत नाही.

'विश्वसनीय' हा शब्द मात्र पुराव्याने तपासता येतो, पण आधी विचारावे: कशाबाबत विश्वसनीय? पाठाबाबत असेल तर 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळ मिळालेली यशयाची गुंडाळी हा बळकट पुरावा आहे. तोवरच्या संपूर्ण हिब्रू हस्तलिखितांपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी, आणि शुद्धलेखनाचे व किरकोळ शब्दांचे पुष्कळ फरक असूनही ग्रंथ ओळखीचा तोच. उलट मार्क 16:9-20 आणि योहान 7:53 ते 8:11 हे उतारे सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत, आणि आधुनिक आवृत्त्या बहुधा कंसाने किंवा तळटिपेने तसे दाखवतात. अभ्यासपत्रिकेनेही ते दाखवावे. झाकलेली तळटीप पुढे वाचकाच्या हाती लागली की तो बाकीच्या पानांवरही संशय घेतो.

पाठ नीट जतन झाला, एवढ्यावरून त्यातली घटना घडली असे सिद्ध होत नाही, आणि घटना घडली म्हणून लेख परमेश्वरप्रेरित ठरत नाही. पहिले काम हस्तलिखितांच्या अभ्यासकाचे, दुसरे इतिहासकाराचे, तिसरे श्रद्धेचे. पत्रिकेच्या पुढच्या आवृत्तीत 'अपौरुषेय' काढावा, 'अचूक' पुढे कोणत्या परंपरेचे मत ते लिहावे, आणि 'विश्वसनीय' आधी 'पाठाच्या दृष्टीने' किंवा 'इतिहासाच्या दृष्टीने' यांपैकी जे अभिप्रेत असेल ते घालावे.