वाचकांचे प्रश्न : गरम इंजिनला सेल्फ मारल्यावर आयडल वरखाली का होतं?

प्रश्न : माझी जिप्सी आहे, 1.3 पेट्रोल. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टाकलाय आणि लॅपटॉपवर मीच ट्यून करतो. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, इंजिन तापल्यावर आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) 850 ला एकदम सेट. पण पुण्याहून येताना खंबाटकी उतरून चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलो की घोळ. सुरू लगेच होते पण आरपीएम 600 ते 1100 वरखाली, रेस देत बसावं लागतं, मग दोनेक मिनिटांत आपोआप नीट. फ्युएल टेबलमध्ये (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) आयडलच्या जागी पेट्रोल वाढवलं तर हे थांबलं, पण आता एरवी गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालते, वास येतो. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ते टेबल होतं तसं परत करा. टेबल बरोबरच होतं, खोटं बोलतोय तो हवेचं तापमान मोजणारा सेन्सर.

होतं असं की इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पण ब्लॉक आणि एक्झॉस्टची उष्णता कुठे जाणार, ती वर चढते आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप), फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी), सेन्सर सगळं भाजून काढते. बाहेर 35 अंश असताना तो सेन्सर 65 दाखवतो. तुमचा ईसीयू मॅनिफोल्डचं प्रेशर आणि हे तापमान यावरून हवा किती आली ते काढतो, आणि गरम हवा विरळ असते म्हणून पेट्रोल कमी सोडतो. केल्विनमध्ये हिशोब केला तर 308 भागिले 338, म्हणजे जवळजवळ 9 टक्के कमी! आत येणारी हवा खरं तर तेवढी गरम नसतेच. मिश्रण (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) 14.7 वरून 16 च्या पुढे गेलं की आयडलला इंजिन डुलणारच. वाहत्या हवेने सेन्सर गार झाला की सगळं जागेवर येतं, तुमची दोन मिनिटं तीच.

पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, लॅपटॉपवर लॉग (आकड्यांची नोंद) घ्या. हवेचं तापमान उतरतंय आणि त्याबरोबर वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडाही 16 वरून खाली येतोय असं दिसलं तर चोर सापडला. आकडा पहिल्यापासून नीट असेल आणि फक्त आरपीएम पडत असेल तर आयडल व्हॉल्व्हकडे (आयडलला हवा कमीजास्त करणारा) बघा. आणि सेन्सर गार असूनही पहिली काही सेकंदं लीन (पेट्रोल कमी) जात असेल तर रेलमध्ये पेट्रोलची वाफ झालीये (ई20 मधलं इथॅनॉल 78 अंशालाच उकळतं), मग की ऑन करून पंपाला दोन सेकंद चालू द्या आणि मगच सेल्फ मारा.

सेन्सरच निघाला तर खरा इलाज म्हणजे तो मॅनिफोल्डवरून काढून फिल्टरनंतरच्या पाइपात बसवायचा. ते जमत नसेल तर हवेच्या तापमानाच्या करेक्शनचा कर्व्ह 50 अंशांच्या वर सपाट करत आणा, पण पूर्ण शून्य नको, कारण मॅनिफोल्डमधून जाताना हवा थोडी तापतेच. शिवाय कूलंट 90 च्या आसपास असताना सुरू झाल्यावरचं जादा पेट्रोल बऱ्याच जणांनी शून्य ठेवलेलं असतं, तिथे 5 ते 10 टक्के द्या आणि हळूहळू उतरू द्या. तेवढा वेळ क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने आपोआप पेट्रोल कमीजास्त करणं) बंद ठेवा, नाहीतर तो मागून दुरुस्त्या करत आणखी झुलवतो. आयडलचं इग्निशन (स्पार्कची वेळ) आरपीएम टार्गेटच्या खाली गेल्यावर दोन-चार डिग्री पुढे आणि वर गेल्यावर तेवढंच मागे असं ठेवलंत तर फरक लगेच जाणवेल, व्हॉल्व्हपेक्षा स्पार्क फार पटकन काम करतो. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू नका, सगळे मेकॅनिक पहिला तोच फिरवतात आणि थ्रॉटल सेन्सरचं झिरो बिघडतं.

प्रश्न : माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी मारुती 800 आहे. तीही गरम असताना नीट सुरू होत नाही, वरचंच लागू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही, उलटं आहे. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठतं ती वाटी) पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि गाडी रिच होते. चोक अजिबात ओढू नका, अॅक्सिलरेटर पंप करू नका (प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल जातं), पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पकडली की हळू सोडा. कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर तडकलाय का ते बघून घ्या, आणि स्लो (आयडलचं) सेटिंग नेहमी इंजिन पूर्ण तापून पंखा एकदा फिरून थांबल्यावरच करा.